चीन, पश्चिम आणि न्यूट्रिनोचा बोगदा

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : 'विज्ञान संशोधनात चीनने पाश्चात्त्यांना मागे टाकलं का?' असा विषय असला की लोकांना हो किंवा नाही ऐकायचं असतं. हो म्हणणाऱ्यांची बाजू आधी उरकून घेतो, कारण आकडे त्यांच्याकडे आहेत आणि आकडे सांगायला फार वेळ लागत नाही.

२०१६ साली चीनमधून छापून आलेल्या शोधनिबंधांची संख्या अमेरिकेपेक्षा जास्त झाली. ही मोजणी अमेरिकेच्याच नॅशनल सायन्स फाउंडेशनची. तेव्हा पाश्चात्त्य मंडळी म्हणाली, 'संख्या ठीक आहे हो, दर्जाचं काय?' मग २०२२ मध्ये जपानच्या एका सरकारी संस्थेने फक्त वरचे एक टक्का निबंध घेतले, म्हणजे इतर शास्त्रज्ञ ज्यांचा सर्वाधिक आधार घेतात ते. तिथेही चीन पहिला निघाला. 'नेचर इंडेक्स' नावाची संशोधन संस्थांची एक क्रमवारी असते. २०२५ च्या यादीत पहिल्या दहात आठ चिनी संस्था आहेत आणि हार्वर्ड दुसरं आहे. पैशाचं म्हणाल तर २०२४ मध्ये चीनने संशोधन-विकासावर ३.६ लाख कोटी युआन खर्च केले, जीडीपीच्या २.६८ टक्के. आपला आकडा ०.६४ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. तो विषय तुम्ही नंतर प्रश्नांत काढणारच आहात.

हे आकडे खोटे नाहीत. पण ते तयार कसे झाले तेही बघा. चीनमध्ये बरीच वर्षं प्राध्यापकाची बढती परदेशी नियतकालिकांतल्या निबंधांवर ठरायची. 'नेचर' किंवा 'सायन्स'मध्ये नाव आलं की विद्यापीठ रोख बक्षीस द्यायचं. निबंधाला भाव आला, तसे निबंध तयार करून विकणारे कारखाने निघाले : पैसे भरा, निबंध घ्या, वर आपलं नाव घाला. शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत चीनच्याच दोन मंत्रालयांना ही बक्षिसं बंद करा असं सांगावं लागलं. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर निबंध मागे घेतले गेले, त्यांत चिनी लेखकांचा वाटा मोठा होता. शिवाय चिनी निबंधांचे दाखले देणाऱ्यांत चिनी निबंधच पुष्कळ असतात. यूजीसी बढतीसाठी एपीआय नावाचे गुण मोजायची, त्या काळात आपल्याकडे काय काय छापलं गेलं, हे इथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींना मी सांगायला नको.

पण एवढ्यावरून 'सगळं बोगस' म्हणून निर्धास्त होणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. म्हणून मी आकडे बाजूला ठेवतो आणि एक प्रयोग घेतो. तो प्रयोग कुणी केला, ती माणसं कुठे शिकली, कुठून कुठे गेली, एवढंच पाहू. माझं आजचं म्हणणं त्यातच आहे : संशोधनाची क्षमता माणसांबरोबर फिरते, आणि चीन-पश्चिम तुलना करायची तर देशांपेक्षा या माणसांचा माग काढावा.

न्यूट्रिनो हा अतिशय सूक्ष्म कण. या क्षणी सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो तुमच्या-माझ्या अंगातून आरपार जातायत आणि कुणाला पत्ता नाही. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रवासात ते एकातून दुसऱ्यात बदलतात. हा बदल किती होतो ते तीन कोनांवर ठरतं. त्यांतले दोन कोन या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कळले होते, तिसरा कळत नव्हता. तो शून्य निघाला असता तर पुढच्या अनेक महागड्या प्रयोगांना अर्थच उरला नसता. म्हणून सगळे त्याच्या मागे होते.

मोजायची रीत ऐकायला सोपी आहे. अणुभट्टीतून न्यूट्रिनोंचा लोंढा बाहेर पडतो. एक उपकरण भट्टीजवळ ठेवायचं, दुसरं दीड-दोन किलोमीटरवर, आणि वाटेत किती कमी झाले ते मोजायचं. अवकाशातून येणाऱ्या इतर कणांचा त्रास नको म्हणून डोक्यावर डोंगर हवा. फ्रान्समध्ये शू इथे तयारी चालू होती, दक्षिण कोरियात चालू होती. अमेरिकेतही प्रस्ताव होते. आणि २००३ मध्ये बीजिंगच्या उच्च ऊर्जा भौतिकी संस्थेतल्या वांग यीफांग यांनी सांगितलं की हाँगकाँगजवळ दाया बे इथे मोठ्या अणुभट्ट्या आहेत आणि डोंगर त्यांना लागूनच आहे. जागा अशी की आयतीच चालून आलेली. अमेरिकेतले प्रस्ताव मागे पडले आणि बर्कली, ब्रूकहेवन इथली मंडळी चीनच्या बोगद्यात काम करायला गेली.

आता मला आवडणारा भाग. आठ उपकरणं बसवायची ठरली होती. २०११ च्या अखेरीस सहाच तयार होती. प्रतिस्पर्धी पाठीवर होते. एखादी सरकारी छापाची संस्था म्हणाली असती, आराखड्यात आठ आहेत, आठ झाल्यावर उद्घाटन करू. इथे सहांवर मोजणी सुरू झाली. ५५ दिवसांची निरीक्षणं घेऊन ८ मार्च २०१२ ला त्यांनी जाहीर केलं की तिसरा कोन शून्य नाही, चांगला मोठा आहे. कोरियन गटाचा निकाल एप्रिलच्या सुरुवातीला आला, म्हणजे महिन्याभराच्या आत.

यात नक्कल कुठे आहे, सांगा. रीत सगळ्यांना माहीत होती. जागा कोणती, उपकरणं किती, थांबायचं कधी आणि सुटायचं कधी, हा निवाडा अचूक ठरला. असा निवाडा नुसत्या पैशाने येत नाही, तो कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं काम करून येतो.

मग वांग यीफांग कुणाच्या हाताखाली घडले? नानजिंगहून पदवी घेऊन ते गेले युरोपात, सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युएल टिंग यांच्या गटात. टिंग हे अमेरिकेत जन्मलेले चिनी वंशाचे, १९७६ चे नोबेलवाले. वांग यांची पीएचडी इटलीतल्या फ्लोरेन्सची. पुढे एमआयटी, स्टॅनफर्ड, आणि २००१ मध्ये बीजिंगला परत. तेव्हा दाया बेचं यश चीनच्या खात्यावर लिहायचं की पश्चिमेच्या?

आणि हे एकट्या वांग यांचं नाही. १९६६ ते १९७६, सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत चीनची विद्यापीठं जवळजवळ बंद होती, प्राध्यापक शेतावर धाडले होते. १९७७ च्या हिवाळ्यात प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. सुमारे ५७ लाख परीक्षेला बसले, जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. दहा वर्षं तुंबलेली हुशारी एकदम बाहेर आली. आणि १९७९ मध्ये त्सुंग-दाओ ली यांनी एक उद्योग सुरू केला. हे ली म्हणजे १९५७ चं भौतिकीचं नोबेल यांग चेन-निंग यांच्यासोबत वाटून घेणारे, कोलंबिया विद्यापीठातले. त्यांनी अमेरिकी विद्यापीठांना राजी केलं की चिनी मुलांसाठी चीनमध्येच परीक्षा घ्या आणि उत्तीर्ण होतील त्यांना पीएचडीला बोलवा. दहा वर्षांत नऊशेच्या वर मुलं अशी गेली, एकट्या भौतिकीत. १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकातलं विद्यार्थी आंदोलन चिरडल्यावर पुष्कळ जण तिकडेच राहिले आणि त्यांच्यावर अमेरिकी प्रयोगशाळा चालल्या. पुढच्या पिढीतले मात्र परतू लागले, कारण चीनने पगार, प्रयोगशाळा आणि घर देऊ केलं.

परतणाऱ्यांत पान जियानवेई यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. क्वांटम भौतिकीत अँटन झायलिंगर यांच्याकडे ऑस्ट्रियात पीएचडी, २००१ मध्ये हफेईला परत. झायलिंगर स्वतः युरोपीय अवकाश संस्थेला क्वांटम उपग्रहासाठी बरीच वर्षं पटवत होते, गाडी पुढे सरकत नव्हती. शिष्याने चीनमधून १६ ऑगस्ट २०१६ ला उपग्रह सोडला. पुढच्या वर्षी १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी एकमेकांशी जोडलेले प्रकाशकण पोचवून दाखवले, आणि त्याच सप्टेंबरात बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात क्वांटम किल्लीने कुलूपबंद केलेला व्हिडिओ कॉल झाला. व्हिएन्नाच्या टोकाला झायलिंगर होते. २०२२ चं नोबेल झायलिंगर यांना मिळालं, ते जुन्या कामासाठी. उपग्रह शिष्याचा, नोबेल गुरूचं. या घडीची तुलना मला याहून नेमकी करता येणार नाही.

नोबेलवरून सांगतो. चीनमध्ये झालेल्या कामाला विज्ञानाचं नोबेल आजवर एकच, २०१५ मध्ये तू योयो यांना, मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. आणि बघा, त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, परदेशी शिक्षण नव्हतं, चायनीज अकॅडमीचं सदस्यत्वही नव्हतं. माझ्या सिद्धांताला छेद देणारं हे उदाहरण आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

परत बोगद्यात जाऊ. तिसरा कोन मिळाला, आता पुढचा प्रश्न : तीन न्यूट्रिनोंमध्ये जड कोणता, हलका कोणता, त्यांचा क्रम काय? त्यासाठी वांग यांनी ग्वांगदोंगमध्ये जियांगमेनजवळ जमिनीखाली ७०० मीटरवर २०,००० टन खास द्रव भरलेला गोल बांधायला घेतला. त्या प्रयोगाचं नाव जुनो. काम २०१५ मध्ये सुरू झालं. बोगद्यात पाणी लागलं, काही वर्षं त्यात गेली, पण २६ ऑगस्ट २०२५ ला मोजणी सुरू झाली. अमेरिकेचा मुख्य प्रयोग ड्यून. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधून साउथ डकोटापर्यंत १३०० किलोमीटर जमिनीखालून न्यूट्रिनो पाठवायचे. तो जास्त अवघड आहे आणि जास्त प्रश्नांना हात घालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण खर्च तीन अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला आहे, आणि जुनोचे पहिले निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये छापायला गेले तेव्हा तिकडच्या गुहा खोदून तयार होत्या, उपकरणं यायची होती.

यावरून चीन म्हणेल ते बांधतो असं वाटेल. तसंही नाही. वांग यांना सर्नपेक्षा कितीतरी मोठा कण-प्रवेगक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणारं यंत्र, चीनमध्ये बांधायचा होता. २०१६ मध्ये त्याला जाहीर विरोध केला तो याच यांग चेन-निंग यांनी, नव्वदी ओलांडल्यावर. त्यांचं म्हणणं : गरिबांचे इतर प्रश्न बाकी असताना हा पैशाचा बुडीत खड्डा कशाला? आणि दाखला अमेरिकेचा दिला, की टेक्सासमधला असाच प्रवेगक अब्जावधी डॉलर ओतून १९९३ मध्ये अर्ध्यात सोडला होता. वांग यांनी जाहीर उत्तर दिलं. चिनी शास्त्रज्ञ एकमेकांशी उघड भांडत नाहीत असा आपला समज असतो. तो प्रवेगक अजून कागदावरच आहे.

आता पश्चिमेचं पारडं. नेदरलँड्समधल्या वेल्डहोवन गावी एएसएमएल ही कंपनी चिप छापायचं एक यंत्र बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात, प्रत्येकावर लेझर मारतात, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि तो जर्मनीच्या झाइसने घासलेल्या आरशांवरून नेतात. लेझरही जर्मन, प्रकाशाचा उगम सॅन डिएगोत विकसित झालेला, मूळ संशोधनात अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा. यामागे वीस-तीस वर्षं गेली आहेत. हे यंत्र चीनला विकायला परवानगी नाही. चीनला त्यातली भौतिकी कळत नाही असं नाही, ती कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. पण हजारो पुरवठादारांच्या हातातली सवय निबंधात छापून येत नाही. प्रवासी विमानाच्या इंजिनाचंही तेच : चीनचं सी-९१९ मे २०२३ पासून प्रवासी नेतं आहे, पण पंखाखालचं इंजिन अमेरिकी-फ्रेंच कंपनीचं आहे. आता ही वीस वर्षं चीनला भरून काढता येणार नाहीत असं कुणी म्हणत असेल, तर मी पैज लावणार नाही.

उलटी गंमत बॅटरीची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी टेक्सासच्या प्रयोगशाळेत जन्मली, नव्वदच्या दशकात, जॉन गुडइनफ यांच्या गटात. एमआयटीतून निघालेल्या ए१२३ कंपनीने ती बाजारात आणायचा प्रयत्न केला, २०१२ मध्ये दिवाळं काढलं, आणि ती कंपनी घेतली एका चिनी उद्योगाने. आज ही बॅटरी म्हटली की जग चीनकडे बघतं.

मला जास्त खोलवर वाटतो तो फरक जानेवारी २०२० मध्ये दिसला. शांघायच्या फुदान विद्यापीठातले झांग योंगझेन यांच्याकडे वुहानचा नमुना ३ जानेवारीला आला. ५ तारखेला त्यांनी नव्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम लावला होता. दोन दिवस! प्रयोगशाळेच्या ताकदीची याहून मोठी साक्ष नको. परवानगी न घेता प्रसिद्ध करायला बंदी होती. ११ तारखेला त्यांनी सिडनीचे सहकारी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत तो जगाला खुला केला. १२ तारखेला त्यांची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करायचा हुकूम आला. तिकडे अमेरिकेतल्या मॉडर्ना कंपनीने १३ तारखेला लशीचा आराखडा पक्का केला आणि १६ मार्चला पहिल्या माणसाला टोचली. ती लस त्या खुल्या केलेल्या क्रमावर उभी होती.

मात्र मॉडर्नाच्या बाजूने टाळ्या वाजवण्याआधी कॅटलिन कारिको आठवा. ही लस ज्या एमआरएनए तंत्राची, त्यावर काम करतात म्हणून त्यांना अनुदान मिळेना, आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. पश्चिमेची गुणग्राहकता ही अशी. फरक एवढाच, की तिथे दारं बरीच आहेत. त्याच विद्यापीठात ड्रू वाइसमन यांनी त्यांना सोबत घेतलं, २००५ चा निबंध झाला, पुढे जर्मनीतल्या बायोएनटेकने नोकरी दिली, २०२३ ला नोबेल. चीनमधल्या तरुण संशोधकाला आज अनेक विद्यापीठांत सहा वर्षांचा करार मिळतो; तेवढ्यात करून दाखवा, नाहीतर निघा. तरुणांच्या राष्ट्रीय अनुदानाला पुरुषांची वयोमर्यादा ३५ होती. अशा व्यवस्थेत जुनोसारखा मोठा, ठरलेला प्रयोग तडीस जातो. वीस वर्षं कुणाला न पटणारं काम करणारी कारिको टिकणं कठीण. मूलभूत संशोधनावर चीन एकूण खर्चाच्या सुमारे सात टक्के घालतो, अमेरिका पंधराच्या आसपास. चीनची स्वतःची पहिली एमआरएनए लस मंजूर व्हायला मार्च २०२३ उजाडला.

पण ही दारं आता दोन्हीकडून लावली जातायत. २०११ पासून नासाला चीनशी थेट सहकार्य करता येत नाही. २०१८ ते २०२२ अमेरिकी न्याय खात्याने चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांवर लक्ष ठेवणारी मोहीम चालवली. एमआयटीचे गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने सगळे आरोप मागे घेतले. त्या मोहिमेनंतर अमेरिका सोडून चीनला जाणारे चिनी शास्त्रज्ञ वाढले. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधन अनुदानांवर कुऱ्हाड चालली आणि नव्या एच-१बी अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लागलं. चीननेही २०२३ मध्ये आपल्या मोठ्या शोधनिबंध संग्रहाचा बराच भाग परदेशी वाचकांना बंद केला. आणि ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी तरुण शास्त्रज्ञांसाठी 'के' नावाचा नवा व्हिसा सुरू केला. ली यांनी १९७९ मध्ये उघडलेली वाट आता उलट्या दिशेने वाहते आहे की आटते आहे, हे पुढच्या दहा वर्षांत दिसेल.

प्रश्न घेऊ. हं, मागून. 'भारताचं काय?' म्हणतायत. विचारणार हे माहीतच होतं.

न्यूट्रिनोतच सांगतो. १९६५ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले गेले. जगात प्रथम ज्या दोन ठिकाणी पकडले त्यांतलं हे एक. काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, सोबत जपानी आणि इंग्लिश गट. पुढे खाण बंद पडली. नवी वेधशाळा तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात करायची ठरली, ५०,००० टन लोखंडाची, उद्देश बराचसा तोच : न्यूट्रिनोंचा क्रम. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटींना मंजुरी दिली. म्हणजे जुनोचं काम सुरू झालं त्याच महिन्यात, योगायोगाने. मग स्थानिकांचा विरोध, पर्यावरण परवानगी, हरित लवाद, सर्वोच्च न्यायालय, आणि राज्य सरकारचा स्पष्ट नकार. गावकऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांना नीट कुणी समजावून सांगितलं नाही. मदुराईला ८५ टनांची छोटी प्रतिकृती चालू आहे. आपले बरेच न्यूट्रिनोवाले आता ड्यूनमध्ये काम करतात.

शेवटचा प्रश्न, बाई उभ्या आहेत. मुलीला पीएचडीला अमेरिकेला पाठवावं की चीनला? मुलगी सोबत आली असेल तर तिलाच सांगतो. विषयावर आहे, बाळ. न्यूट्रिनो, बॅटरी किंवा क्वांटम असेल तर बीजिंग-हफेईला पत्र लिहायला लाजू नकोस. भाषा शिकावी लागेल आणि दोन देशांचं बिनसलं की व्हिसा अडकेल, हे धरून चाल. जीवशास्त्र असेल तर मी अजून बॉस्टन किंवा युरोप म्हणेन. देश कुठलाही असो, विद्यापीठाची क्रमवारी बघत बसू नकोस. ज्या गाईडकडे जायचं त्याच्याकडून मागच्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांची यादी माग. ती आज कुठे आहेत, कशावर काम करतायत, त्यांतल्या दोघा-तिघांना फोन कर. गाईड यादी द्यायला टाळाटाळ करू लागला, तर तिथे जाऊ नकोस.